दहावीनंतरचं करिअर-चाचणी पॅकेज: नागपुरात पैसे नेमके कशाचे मोजायचे?

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की निकाल लागेपर्यंत नागपुरात करिअर-चाचण्यांचा हंगाम असतो. धरमपेठ, रामदासपेठ, प्रतापनगर, नंदनवन, कुठेही जा, शिकवणी वर्गांच्या फलकांशेजारी अभिक्षमता (ॲप्टिट्यूड) चाचणीचे फलक दिसतात. नावं वेगळी, फी वेगळी, पण आतला माल बहुतेक ठिकाणी सारखाच: एक अर्ज, दोन-अडीच तासांची चाचणी, जाडजूड रंगीत अहवाल आणि आईवडिलांसोबत अर्ध्या-पाऊण तासाची बैठक. हा आढावा या चार भागांच्या पॅकेजचा आहे, कोणा एका केंद्राचा नाही. चांगलं काय आणि चुकतं काय, हे जवळपास सगळीकडे एकच आहे.

निकाल आधीच सांगतो. चाचणी घेण्यासारखी आहे. अहवाल अर्धाच वाचण्यासारखा असतो. खरी किंमत बैठकीची असते, आणि नेमकी तीच सगळ्यात आखूड असते. बोटांच्या ठशांवरून कल सांगणारा जो भाग काही ठिकाणी जोडून मिळतो, त्यावर एक रुपयाही घालवू नका.

हे असं का, ते समजायला पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाच्या मनात काय चाललेलं असतं ते बघायला हवं. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने 1950 मध्ये माणसाच्या वाढीच्या आठ पायऱ्या मांडल्या. त्यातली पाचवी, साधारण बारा ते अठरा वर्षांची पायरी म्हणजे ओळख विरुद्ध भूमिकासंभ्रम. मुलगा, भाऊ, मित्र, विद्यार्थी, अमक्या जातीचा, तमक्या भाषेचा, या सगळ्या भूमिकांमधून 'हा मी' असं एक सलग काहीतरी उभं करायचं, हे या वयाचं काम. ते जमेपर्यंत गोंधळ असणारच. स्वतः एरिक्सन शाळा संपल्यावर काही वर्षं चित्रकार म्हणून युरोपभर भटकत होता आणि पंचविशीत व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला लागल्यावर त्याला त्याची वाट सापडली. ज्याने हा सिद्धांत मांडला त्याचीही दहावीच्या सुट्टीत निवड झालेली नव्हती, हे पालकांनी ध्यानात ठेवावं.

पुढे 1966 मध्ये जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने हे मोजता येईल असं केलं. त्याने दोनच गोष्टी विचारल्या: या मुलाने वेगवेगळे पर्याय खरोखर चाचपून पाहिले का? आणि तो कशाला तरी बांधला गेला आहे का? यातून चार अवस्था निघतात. चाचपलं नाही, ठरवलंही नाही, ती विखुरलेली ओळख. चाचपणी चालू आहे पण ठरत नाही, ती स्थगिती. चाचपून ठरवलं, ती कमावलेली ओळख. आणि न चाचपताच ठरवून टाकलं, ती चौथी. तिला उसनी ओळख म्हणू.

ही उसनी ओळख ओळखायला सगळ्यात अवघड, कारण ती बाहेरून फार छान दिसते. मुलगी नववीपासून 'मी डॉक्टरच होणार' म्हणते, वेळापत्रक पाळते, घरात भांडण नाही. तिला गोंधळ नाही म्हणून सगळे खूश. पण तिने दुसरं काही पाहिलंच नसेल तर तो निश्चय वडिलांचा आहे, तिच्याकडे ठेवायला दिलेला. तो तुटतो तेव्हा बहुधा बारावीच्या अधेमधे किंवा 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा दिल्यानंतर तुटतो, आणि तेव्हा तिच्याकडे पर्यायी असं काहीच नसतं.

आता पॅकेजकडे या निकषातून बघा. अडीच तासांत चाचणी, आठवडाभरात अहवाल, बैठकीत 'तुमच्यासाठी सर्वोत्तम तीन क्षेत्रं'. म्हणजे बांधिलकी मिळाली, चाचपणी झालीच नाही. वडिलांच्या जागी अहवाल आला, एवढाच फरक. ओळख उसनीच राहिली. माझ्या मते या सेवेचा मूळ दोष हाच आहे, बाकीचे तपशिलाचे.

पण तपशीलही महत्त्वाचे आहेत, म्हणून एकेक भाग घेतो.

अभिक्षमता चाचणी हा पॅकेजचा सगळ्यात भक्कम भाग. शाब्दिक तर्क, संख्यात्मक तर्क, आकृत्यांमधलं तर्क, अवकाशीय क्षमता, यांत्रिक तर्क, झटपट आणि बिनचूक तुलना, असे उपविभाग असतात. अशा चाचण्यांची घराणी जुनी आहेत. डिफरेन्शियल ॲप्टिट्यूड टेस्ट 1947 पासून वापरात आहे. केंद्राला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: चाचणीचं नाव काय आणि तिचे तुलनात्मक निकष कोणत्या मुलांवरून काढले? 'आमची स्वतःची चाचणी आहे' एवढंच उत्तर मिळालं आणि पुस्तिका दाखवली नाही, तर थांबा. एका मुलाचा गुण इतर मुलांच्या गुणांशी ताडूनच अर्थ निघतो. ती इतर मुलं कोण, हे ठाऊक नसेल तर आकडा हवेतला.

दुसरा प्रश्न भाषेचा, आणि नागपुरात हा फार मोठा आहे. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, पुस्तकात इंग्रजी अशी आपली मुलं. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शाब्दिक चाचणी दिली तर ती त्याचं तर्कसामर्थ्य मोजत नाही, त्याचं इंग्रजी मोजते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे हमखास होतं: आकृत्यांच्या भागात उत्तम, शाब्दिकात घसरगुंडी, आणि अहवाल म्हणतो 'कायदा, पत्रकारिता टाळावी'. या दोन भागांत मोठी तफावत दिसली की समुपदेशकाने आधी भाषेचा विचार करायला हवा. मराठी प्रत मागा. नसेल तर शाब्दिक भागावरून कोणताही निर्णय घेऊ नका.

वेळही सांभाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी दोनची तुकडी घेणं चुकीचं आहे. उन्हातून आलेला, घामाघूम झालेला मुलगा कूलरच्या घरघरीत वेळ लावलेले उपविभाग सोडवतो, आणि सगळ्यात आधी घसरतो तो वेगाचा भाग. सकाळी आठ-नऊची वेळ घ्या, पोटभर नाश्ता करून पाठवा. मुलगा चश्मा विसरला असेल किंवा आदल्या रात्री लग्नात जागला असेल, तर चाचणी पुढे ढकला. चांगलं केंद्र कुरकुर न करता ढकलतं.

आता अहवाल. यातलं कामाचं पान एकच: कच्चे गुण आणि पर्सेंटाइल यांचा तक्ता. सीईटीमुळे पर्सेंटाइल हा शब्द घरोघरी माहीत आहे, तरी घोळ होतोच. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे पन्नास टक्के मार्क नव्हेत; शंभरातल्या पन्नास मुलांच्या पुढे, म्हणजे अगदी मधोमध. आणि तो आकडाही अचूक नसतो. समजा चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतली तर गुण किती जुळतील याचा आकडा, 0.84 आहे, जी चांगलीच म्हणायची. गुण पन्नास सरासरी आणि दहा प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) अशा मोजपट्टीवर मांडले तर मोजमापातली चूक चार गुणांची येते. मग पन्नास गुण मिळालेल्या मुलाचा खरा गुण पंच्याण्णव टक्के खात्रीने 42 ते 58 च्या मध्ये कुठेही असू शकतो. पर्सेंटाइलमध्ये हेच अंतर 21 पासून 79 पर्यंत पसरतं. म्हणजे एकाच मुलाला 'कमी' म्हणता येईल आणि 'बराच पुढे'ही. असं असताना 62 आणि 55 पर्सेंटाइलमधल्या फरकावरून 'यांत्रिकपेक्षा संगणक बरं' असं सांगणं निराधार आहे. जो अहवाल गुणांभोवती पट्टा दाखवतो तो प्रामाणिक. जो नुसता ठिपका दाखवून शेजारी व्यवसायाचं नाव लिहितो, त्याची ती पानं बाजूला ठेवा.

अभिरुचीचा, म्हणजे आवडीनिवडीचा भाग बहुधा मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडच्या सहा प्रकारांवर बेतलेला असतो: वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी, पारंपरिक. षटकोनाच्या सहा टोकांवर हे सहा बसतात. शेजारचे एकमेकांसारखे, समोरासमोरचे एकमेकांपासून लांब. मुलाचे जे तीन प्रकार सगळ्यात वर येतात, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून व्यवसायांची यादी निघते. मोठ्या माणसाला हे बरंच लागू पडतं. पंधरा वर्षांच्या मुलाचा आलेख मात्र पुष्कळदा सपाट येतो, सहाही खांब जवळपास एका उंचीचे. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. अहवाल लिहिणारं सॉफ्टवेअर तिथेही पहिली तीन अक्षरं काढतंच, कारण त्याला यादी छापायची असते. प्रत्यक्षात सपाट आलेख म्हणजे मुलाला आवड नाही असं नव्हे. त्याने अजून पुरेशा गोष्टी करून पाहिलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. 'यंत्र दुरुस्त करायला आवडतं का' या प्रश्नाला ज्याने कधी पाना हातात धरला नाही तो काय उत्तर देणार? अंदाजाने 'कदाचित' लिहील, आणि पन्नास वेळा 'कदाचित' लिहिलं की खांब सपाट होतात.

शिवाय या वयात आवडी ठरलेल्या नसतात, हे संशोधनातूनही दिसतं. आवडींच्या स्थैर्याचा अनेक अभ्यासांतून एकत्रित आढावा 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा ते अठरा या वयात स्थैर्य फारसं वाढत नाही आणि अठरा ते बावीसच्या दरम्यान ते झपाट्याने वाढतं असं आढळलं. दहावीच्या सुट्टीतली अभिरुची चाचणी म्हणजे चालत्या गाडीचा फोटो. उपयोगाचा आहे, पण त्यावरून शेवटचं स्टेशन सांगता येत नाही. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी शाळांतूनच घेतली होती. जिचा कल एका क्षेत्राकडे आला तिने दुसरीच शाखा घेतली तर घरात 'सरकारनं सांगितलं होतं ना' असा सूर लागायचा, त्याचं मूळही याच गैरसमजात होतं.

बोटांच्या ठशांबद्दल. दहा बोटांचे ठसे स्कॅन करून मेंदूचा कोणता भाग किती टक्के विकसित आहे आणि मूल कोणत्या क्षेत्रात चमकेल, हे सांगण्याचा दावा केला जातो. याला वैज्ञानिक आधार नाही. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, पहिल्या चार-पाच महिन्यांतच कायमच्या ठरतात. जी गोष्ट जन्माआधी पक्की झाली आणि पुढे कधीच बदलत नाही, ती पंधराव्या वर्षी घडत असलेल्या ओळखीबद्दल काय सांगणार? आणि यातली खरी हानी पैशांची नाहीच. 'तुझ्या बोटांतच लिहिलंय' असं ऐकलेलं मूल चाचपणी थांबवतं. हातावरच्या रेषा दाखवायला भविष्यवाल्याकडे गेल्यासारखंच हे, फक्त संगणकावर छापलेलं. पॅकेजमध्ये ठसे असतील तर ते वगळून फी कमी करायला सांगा. नाही म्हणाले तर उठा.

आता बैठक. जे मोजायचं ते इथे मोजलं जातं, म्हणून थोडं थांबून बघू. खोलीत टेबलापलीकडे समुपदेशक, अलीकडे तीन खुर्च्या, आई-वडील कडेला आणि मुलगा मधे. समुपदेशक विचारते, "काय व्हायचं ठरवलंस?" मुलगा तोंड उघडायच्या आत आई म्हणते, "त्याला कम्प्युटरची आवड आहे हो मॅडम, दिवसभर मोबाईलवर असतो." पंधरा मिनिटं आई आणि मॅडम बोलतात. मुलगा अहवालाचा कोपरा दुमडत बसतो. शेवटी एक मोघम वाक्य येतं, "सायन्स घे, पुढे बघता येईल." बैठक संपली.

चांगली बैठक वेगळी दिसते. आधी मूल एकटं, किमान चाळीस मिनिटं, मग पालक, मग तिघं एकत्र. मुलाला जे विचारायचं ते मार्शियाच्या मुलाखतीच्या वळणाचं: हे तुझ्या डोक्यात कधीपासून आहे? त्याआधी काय वाटायचं? कोणाशी बोललास? आईबाबांचं काय म्हणणं आहे, आणि ते वेगळं असतं तर तू काय केलं असतंस? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: यापेक्षा चांगलं काही समोर आलं, तर हे सोडायला किती तयार आहेस? उत्तरांवरूनच अवस्था कळते. "सगळेच नीटची तयारी करून राहिले मॅडम, म्हणून मी बी" आणि "दुसरं काय, कोणतंही चालेल" ही विखुरलेली ओळख. "सोडायचा प्रश्नच नाही, आमच्या घरात सगळे इंजिनिअर आहेत" ही उसनी. "सोडेन बहुतेक, पण आधी ते काय आहे ते बघावं लागेल, मला दोन्हीकडे ओढ वाटते" असं अडखळत बोलणारं मूल स्थगितीत आहे. बाहेरून ते सगळ्यात गोंधळलेलं दिसतं, पण वाढीच्या दृष्टीने पहिल्या दोघांच्या पुढे आहे. पालकांना नेमकं हे पटवून देणं, 'तुमचं पोरगं घोळात नाही, ते काम करून राहिलंय', ही त्या पाऊण तासाची सगळ्यात मोलाची कमाई. जिथे हे होतं तिथे फी वसूल.

स्थगितीतही एक फरक मात्र ओळखायला हवा. काही मुलं चाचपतात आणि पुढे सरकतात. काही तेच तेच डोक्यात घोळवत राहतात, प्रत्येक पर्यायात भीतीच शोधतात. दुसऱ्या प्रकाराला आणखी पर्याय देणं म्हणजे आगीत तेल. साठ व्यवसायांची यादी छापलेला अहवाल अशा मुलाला रात्रभर जागवतो. त्याला दोनच पर्याय द्या आणि विचार करायला नव्हे, करून बघायला द्या.

करून बघणं हा पॅकेजमधला हरवलेला पाचवा भाग. केंद्र देत नसेल तर घरी करता येतो. एका पर्यायाला दहा-बारा तास पुरे. वास्तुविशारद व्हायचं म्हणणाऱ्या मुलीने मीटरपट्टी घेऊन स्वतःचं घर मोजावं आणि 1:50 प्रमाणात नकाशा काढावा, तीन मीटरची भिंत कागदावर सहा सेंटिमीटर. दारं कुठल्या बाजूला उघडतात हे दाखवता दाखवता तिसऱ्या तासाला कंटाळा येतो की रंग चढतो, ते बघा. ते कोणत्याही चाचणीपेक्षा जास्त सांगेल. डॉक्टर म्हणणाऱ्याने आजीसोबत मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या) ओपीडीच्या रांगेत पूर्ण सकाळ काढावी. सीए म्हणणाऱ्याने इतवारीतल्या ओळखीच्या दुकानाची महिनाभराची बिलं एका वहीत जुळवून बघावीत. वकिली म्हणणाऱ्याने मोठ्या माणसासोबत जिल्हा न्यायालयात एक दिवस नुसतं बसून ऐकावं. शेतीकडे ओढा असेल तर 1906 पासूनचं कृषी महाविद्यालय महाराजबागेला लागूनच आहे, कापूस आणि संत्र्यावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थाही नागपुरातच आहेत. तिथे काम करणारा कोणी ओळखीचा निघाला तर तासभर प्रश्न विचारू द्या. प्रत्येक प्रयोगानंतर मुलाने वहीत तीन ओळी लिहाव्यात: कुठे वेळ कसा गेला कळलं नाही, कुठे घड्याळ बघितलं, पुन्हा करशील का.

यासाठी वेळ हवा, म्हणून पॅकेज दहावीनंतर न घेता नववीच्या दिवाळीत घ्या. तेव्हा शिकवणी वर्गांची फी भरलेली नसते, बाबांनी कोणाला शब्द दिलेला नसतो, आणि सपाट आलेख आला तरी तो भरायला दीड वर्ष हाताशी असतं. दहावीनंतरच घ्यायचं झालं तर दोन वर्षांच्या शिकवणीचे पैसे भरण्याआधी घ्या. पैसे भरल्यावर केलेल्या समुपदेशनात आधीच्या निर्णयाला शिक्का मारण्यापलीकडे काही होत नाही. याच कारणाने, शिकवणी वर्ग स्वतःच फुकट चाचणी घेत असेल तर तिचा निष्कर्ष त्याच वर्गाच्या तुकडीकडे बोट दाखवतो का, एवढं तपासा.

बाहेरगावाहून नागपुरात वसतिगृहावर येणाऱ्या मुलांसाठी अकरावीचे पहिले तीन महिने जोखमीचे असतात. गावात 'मास्तरांचा हुशार पोरगा' ही ओळख होती; इथे साठ जणांच्या तुकडीत तो एकोणिसावा. भाषा बदलते, कपडे बदलतात, गावचं मराठी बोलायची लाज वाटायला लागते. चाचणी यातलं काहीच पकडत नाही. आणि काही गोष्टी या सेवेच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, त्या ओळखता यायला हव्यात: दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी उदासी, झोप किंवा भूक पार बिघडणं, मित्र तोडणं, आवडीचं सगळं सोडून देणं, स्वतःला इजा करणं, 'मी नसतो तर बरं' असं बोलणं. तिथे करिअरची चर्चा बंद करून मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. समुपदेशकाने हे स्वतःहून ओळखून पुढे पाठवलं तर ते केंद्र चांगलं समजा.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचं ते एवढंच: बैठक घेणारी व्यक्ती मानसशास्त्रात पदव्युत्तर शिकलेली आहे का, मुलाला एकट्याला किती वेळ मिळेल, कच्चे गुण हातात देणार का, आणि सहा महिन्यांनी पुन्हा एक भेट पॅकेजमध्ये आहे का. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी 'वेगळी फी लागेल' असं उत्तर मिळतं. ती फी भरा, हवं तर रंगीत अहवालाऐवजी साधी प्रत घेऊन पैसे वाचवा. दुसरी भेट अकरावीच्या दिवाळीनंतर ठेवा, तेव्हा पहिल्या सत्राचे गुण आलेले असतात आणि मुलाने निवडलेला विषय चार महिने प्रत्यक्ष सोसलेला असतो. जाताना तीन ओळींची वही सोबत न्या; अहवाल घरी राहिला तरी चालेल.